अर्ध्या कोयत्याची झील

त्या दिवशी शाळेची खिचडी खाली लागली, ती बायनाबाईमुळं नव्हे, पुण्याकडच्या कुणा एका पोरीमुळं. निदान बायनाबाईचं म्हणणं तसं होतं, आणि ते तिनं हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं. मोठ्या पातेल्यात तांदूळ रटरटत होता, हातात डाव होता, कमरेला खोचलेल्या मोबाईलची वायर डाव्या कानापर्यंत गेली होती, आणि त्या कानात ती पोरगी गिटार घेऊन शाहीर दगडूबांचं गाणं गात होती. नेमका तो शब्द आला आणि पोरीनं तो बदलला. बायनाबाईचा डाव जागच्या जागी थांबला. पुढं काय झालं ते साऱ्या शाळेच्या नाकाला कळलं.

हेडमास्तर भला माणूस. "मावशी, गाणं ऐका, पण एक डोळा पातेल्यावर ठेवत जा," एवढंच म्हणाले.

"सर, तिनं धारदार कोयता म्हणलं."

"मग?"

"धारदार न्हाई, अर्धा हाय ते. माझा अर्धा कोयता."

सरांनी मान डोलावली आणि हजेरी घ्यायला निघून गेले. पोरांनी वरवरची खिचडी खाल्ली, खालची कुत्र्यांच्या वाट्याला गेली. पातेलं घासताना बायनाबाई त्या पुण्याच्या पोरीला काय काय बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथल्या शाळेत बायनाबाई पोरांचा आहार शिजवते. पन्नाशीकडं झुकलेली, काटक अंगाची बाई. चालते तेव्हा कुणीतरी मागं लागलंय असं वाटतं. बसली तरी एक हात काहीतरी करत असतोच. शेंगा असल्या तर शेंगा फोडील, नसल्या तर पदराचं टोक पिळत राहील. दिवाळी झाली की तिच्या पातेल्यातला तांदूळ आपोआप कमी होतो, कारण निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊस तोडायला गेलेली असतात. त्या दिवसांत ती सगळ्यांवर खेकसते. का म्हणून कुणी विचारत नाही, कारण वस्तीतली अर्धी घरं तेव्हा कुलूप लावून गेलेली असतात आणि उरलेल्यांना ठाऊक असतं.

तिच्या जिवाला घोर लावला होता त्या एका शब्दानं. आता जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, टोळीत किती कोयते, म्हणजे किती जोड्या. त्यातलं एक माणूस मेलं, पळालं, अंथरुणाला खिळलं, की मागं राहतो तो अर्धा कोयता. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज लोक हे बोलतात. बायनाबाईचा नवरा त्रिंबक दसऱ्याच्या तोंडावर काविळीनं गेला आणि दिवाळीनंतर ती दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गाडीत बसली. बरोबर पोरगी होती, शिवकन्या, तिसरीतली.

त्याच साली कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत, शाहीर दगडूबा आले होते. ते कुणी बाहेरचे बुवा नव्हेत. धारूरकडचेच, स्वतः गाडीवान राहिलेले, तुणतुणं काखेत घेऊन तळातळावर फिरणारे. बायनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. गाण्याला म्हणून ती गेली नव्हती, गाणंच तिच्या चुलीपर्यंत आलं.

धुकं पडलं फडावर, दिसंना पुढची वाट,
कोण बांधील मोळी माझी, कोण देईल हात?
टोळी गेली म्होरं, दिस चढला बघता बघता,
मागं मागं ऱ्हायला बाई, माझा अर्धा कोयता.

शाहिरांनी शेवटची ओळ टाकली आणि मागच्या दोघांनी तीच ओळ उचलून परत म्हटली. ह्याला झील म्हणतात. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती धरून ठेवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. ती झील ऐकता ऐकता बायनाबाईची भाकरी तव्यावर काळी झाली. बाई रडली नाही. तिला एकच वाटलं, की माझं ह्या माणसाला कुणी सांगितलं? नवरा गेल्यापासून मोकळी व्हायला जी जागा तिला मिळत नव्हती, ती तिला त्या ओळीत मिळाली. तेव्हापासून ते गाणं तिचं झालं. शाहिरांशी ती जन्मात एक शब्द बोलली नाही, पण गाण्यावर तिनं हक्क सांगितला तो सांगितलाच.

शाहीर होते तोवर गाणं जागेवर होतं. ते गेले आणि गाणं मोकाट सुटलं. शाहिरांच्या जुन्या कॅसेटवरून कुणी उतरवलं, कुणी ऐकीव म्हटलं, कुणी अर्थ कळला नाही म्हणून शब्दच फिरवला. बायनाबाईच्या हातात टचचा मोबाईल आला आणि तिची शांतता संपली. तिला टाइप करता येत नाही, म्हणून ती मोबाईलला तोंडानं सांगते. "अर्धा कोयता" असं ती ओरडली की मोबाईल आधी पुण्याकडच्या कोयतावाल्या गुंडांच्या बातम्या दाखवतो. त्यांना शिव्या घालून झाल्या की मग गाणी येतात.

गाणी तरी किती तऱ्हेची. एका भजनी मंडळानं पखवाजावर ते गाणं म्हटलं आणि त्यात "देहाचा कोयता" करून टाकला. म्हणजे उसाचा फड गेला, मुकादम गेला, सगळं पांडुरंगाच्या पायाशी गेलं. "देव सगळीकडं हाय, ह्ये खरं," बायनाबाई म्हणाली, "पण त्यो ऊस तोडायला कधी आलता?" लग्नातल्या बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर चाल तेवढी घेतली, लय वाढवली, आणि नवरदेवाचे मित्र त्यावर नाचू लागले. विधवेच्या गाण्यावर वरात निघाली तरी कुणाला काही वाटेना. गिटारवाली पोरगी आवाजाची गोड होती, हे बायनाबाईलाही मान्य होतं. "पण ही कोयत्यानं केक कापती," असं तिचं मत पडलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीजेचं गाणं. गेवराईच्या हायवेला कुठल्या तरी पोरांनी ते बनवलं होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर जे कपाटाएवढे स्पीकर लावतात, त्यावर ते वाजायचं. कडवी गायब. नुसती एक ओळ, तीही चुकीची. "माझा अख्खा कोयता, अख्खा कोयता, अख्खा कोयता." त्या पोरांना वाटलं असणार, अर्धा म्हणण्यात मर्दानगी काय राहिली? तो ट्रॅक्टर वस्तीच्या रस्त्यावरून गेला की बायनाबाई शाळेच्या पडवीत येऊन उभी राहायची आणि आवाज लांब जाईस्तोवर आत जायची नाही. एकदा तर ट्रॅक्टर थांबवून तिनं ड्रायव्हरला खाली उतरवलं होतं. तो बिचारा तिच्याच नात्यातला निघाला. "काकू, मला नका बोलू, पेन ड्राइव्हमधी हाय ते," म्हणून हात जोडून निघून गेला.

धारूरच्या बसस्टँडजवळ पप्पू नावाच्या माणसाचं मोबाईलचं दुकान आहे. पोट सुटलेला, बडबड्या माणूस. बाजाराच्या दिवशी बायनाबाई भाजी राहिली तरी चालेल, पण त्याच्या दुकानात जाणारच.

"पप्पू, नवं काई निघालं का रे?"

"मावशी, तुमचं वय झालं, आता देवाचं ऐका."

"देवाचंबी ऐकलं. त्यांनी देहाचा कोयता केलाय."

पप्पू हसून हसून लाल व्हायचा आणि एखादं नवं गाणं लावून द्यायचा. ती काउंटरला टेकून ऐकायची, बोटानं काचेवर ठेका धरायची, आणि तो शब्द आला की तोंड वाकडं करून वायर काढायची. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, या खेपेला कुणीतरी नीट म्हणेल. खरं तर शाहिरांच्या आवाजातली कॅसेट तिच्याजवळ होतीच मोबाईलमध्ये, खरखरीसकट. नीट ऐकायचं तर तेच ऐकावं ना. पण मेलेल्या माणसानं नीट म्हटलेलं तिला पुरत नव्हतं. आज, जितेपणी, कुणीतरी दुसऱ्यानं तोंड उघडून "अर्धा कोयता" म्हणावं आणि त्याला त्याचा अर्थ कळलेला असावा, हे तिचं मागणं होतं.

मार्गशीर्षात शाहिरांचा पुतण्या रामेश्वर शाळेच्या चुलीशी आला. हा पूर्वी शाहिरांच्या मागं झील धरायचा. धारूरच्या बाजारतळावर शाहिरांच्या नावानं दरसाल कार्यक्रम होतो, त्याचं आमंत्रण घेऊन तो आला होता.

"आक्का, यंदा ते गाणं शिवकन्यानं म्हणायचं. आपल्या भागातली पोरगी, शिकलेली, गळा लई चांगला."

शिवकन्या आता गेवराईला एका शाळेत पोरांना संगीत शिकवते. तिनं हे सगळं कसं केलं, कोणाकोणाच्या घरी राहून शिकली, ती निराळीच गोष्ट आहे. लेकीचं नाव ऐकताच बायनाबाईच्या हातातला डाव पुन्हा थांबला. खिचडी या खेपेला वाचली, कारण रामेश्वरनं तो डाव काढून घेतला.

"अन् तुमी झील धरायची, माझ्या जोडीला. आमची झीलवाली बाई बाळंतपणाला माहेरी गेलीय. तुमच्याइतकं पाठ दुसऱ्या कुणाला हाय?"

"शब्द मातर शाहीरबाबाचेच पायजेत. नुसता एक शब्द इकडचा तिकडं झाला तर मी स्टेजवरून उतरंन."

"माझ्या तोंडातून तर अर्धाच येणार, आक्का," रामेश्वर म्हणाला.

त्या दिवसापासून बायनाबाईच्या पायाला भिंगरी लागली. वस्तीत ज्याला त्याला सांगून झालं. ज्याला सांगितलं नव्हतं त्याला दोनदा सांगितलं. आपल्या लेकीच्या तोंडून आपला शब्द, साऱ्या तालुक्यापुढं, माईकवर. मग लेकीला फोन केला आणि म्हणून दाखव म्हणाली. शिवकन्यानं फोनवर गाणं धरलं. आवाज स्वच्छ, दम लांब. आणि शेवटच्या ओळीला ती "माझा धारदार कोयता" म्हणाली.

बायनाबाईनं फोन कानापासून लांब धरून बघितला, लेकीचाच नंबर आहे ना म्हणून. "शिवे, तूबी?"

"आई, सगळे तसंच म्हणतेत आता."

"सगळे गाढव हायेत."

"बरं," शिवकन्या म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे सगळे दिवस ह्याच भांडणात गेले. आई फोन करायची, लेक "बरं" म्हणायची. बायनाबाईला वाटलं, पोरगी शिकली, शहराचं वारं लागलं, पुण्याच्या पोरीची नक्कल करते आहे. तिला राग आला आणि रागाच्या खाली भीतीही होती. आपल्याच लेकीनं साऱ्या तालुक्यापुढं तो शब्द मोडला, तर दुसऱ्या कुणाकडून काय मागायचं?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी शिवकन्या माजलगावच्या गाडीनं आली. बायनाबाईनं तिच्या आवडीचे शेंगोळे घातले होते. जेवण होईपर्यंत दोघी गाण्याचं काही बोलल्या नाहीत. मग शिवकन्यानं मोबाईलवर तंबोरा लावला, दाराशी बसली आणि गाऊ लागली. आई भांडी विसळत ऐकत होती. शेवटची ओळ आली. धारदार.

ताट दणकन पालथं पडलं. "त्या पुण्याच्या पोरीला कोयता ठाव न्हाई, मी तिला माफ करते. तुला तर ठाव हाय की."

"ठाव हाय म्हणून तर म्हणत न्हाई."

"लाज वाटती का तुला? अर्ध्या कोयत्याची लेक म्हणून?"

"लाज न्हाई, आई."

"मग कावून?"

शिवकन्यानं तंबोरा बंद केला. तिला भांडायचं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण आता थांबताही येत नव्हतं. "तू ह्ये गाणं किती जणांचं ऐकलंस. सगळ्यांच्या चुका काढल्यास. शेवटच्या ओळीवरच तुझा जीव. दुसरी ओळ कधी नीट ऐकलीस का?"

"पाठ हाय मला. कोण बांधील मोळी माझी, कोण देईल हात."

"मग कोण बांधत व्हतं?"

बायनाबाईनं पुढचं भांडं विसळायला घेतलं.

"तू तोडत व्हतीस अन् मी बांधत व्हते," शिवकन्या म्हणाली. "उसाच्या शेंड्याचं वाढं, त्याची गाठ माझ्या हातानं बसायची न्हाई, मग मोळीवर गुडघा देऊन आवळायची. पाचटानं हात चिरायचे. तू मागं बघून म्हणायचीस, आवर गं शिवे, टोळी म्होरं गेली. गाडी भरताना माझ्या डोक्यावरबी मोळी असायची, ल्हान का व्हयना. मुकादम यायचा, तुला म्हणायचा अर्धा कोयता. काका म्हणायचे अर्धा कोयता. तूबी स्वतःला तेच म्हणायचीस. शाहीरबाबानं गाणं केलं, त्यातबी बाई एकलीच. मी तिथं व्हते, आई. कुणाच्या मोजणीतच आले न्हाई." तिनं मोबाईल बाजूला ठेवला. "ते गाणं मी म्हणायचं म्हणजे माझ्याच तोंडानं सांगायचं, की मी नव्हते. म्हणून धारदार म्हणते. त्याला काई अर्थ न्हाई, तेच बरं हाय."

बायनाबाईनं पालथं पडलेलं ताट उचललं, पुसलं, परत पुसलं, मग चपला घालून बाहेर पडली. कुठं जातेस म्हणून लेकीनं विचारलं, तर "आले" म्हणाली.

ती उताराच्या वाटेनं धारूरच्या दिशेनं चालत सुटली. पाय थांबत नव्हते आणि डोकं तर त्याहून थांबत नव्हतं. आधी तिला लेकीचा राग आला. एवढं पोटाला चिमटा घेऊन वाढवली, आणि हिशेब मला विचारते. मग शाहिरांचा आला. मोठा आला गाणं करणारा, त्याला चुलीपुढं बसलेली बाई दिसली, तिच्या मांडीला टेकून झोपलेली पोर दिसली नाही. मग राग काढायला कुणी उरलं नाही आणि ती एकटीच उरली. तिला तो गुडघा आठवला. धुळीनं पांढरा पडलेला, मोळीवर रोवलेला, पोरीच्या मानानं मोठा वाटणारा गुडघा. तो तिनं रोज पाहिला होता आणि त्याबद्दल ती उभ्या जन्मात कधी काही बोलली नव्हती. तिला फार वाईट वाटलं. इतकं, की ती वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि थोडा वेळ तिचे दोन्ही हात नुसतेच मांडीवर पडून राहिले.

मग तिनं कानात वायर घातली आणि गाणी लावली, एकामागून एक. गिटारवाली पोरगी, भजनी मंडळ, पप्पूनं दिलेली आणखी कुणाकुणाची. या खेपेला ती शेवटच्या ओळीची वाट बघत नव्हती, दुसरी ओळ ऐकत होती. आणि काय, प्रत्येकानं ती ओळ बरोबर म्हटली होती. कोण बांधील मोळी माझी, कोण देईल हात. एकाचाही शब्द चुकला नव्हता. गिटारवालीनं तर ती फार जीव लावून म्हटली होती. इतकी वर्षं ती ज्यांच्या चुका काढत होती, ते सगळे नेमके तिथंच अगदी बरोबर होते, आणि तिनंही मान डोलावली होती.

शेवटी मोबाईलनं आपल्या मनानं डीजेचं गाणं लावलं. एरवी तिनं वायर उपटून काढली असती. आज तिनं ते संपेस्तोवर ऐकलं.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवकन्यानं भाकरी करून ठेवल्या होत्या. दोघींनी गाण्याचा विषय काढला नाही. झोपताना बायनाबाईनं लेकीचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला, आणि "थंडी हाय, नीट पांघर" असं म्हणून सोडून दिला. सांगायला तिच्याजवळ दुसरं पुष्कळ होतं, पण शब्द जमवायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारतळ माणसांनी भरला. मांडव, सतरंज्या, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं रीतीप्रमाणं झालं. बायनाबाई स्टेजच्या मागं येरझाऱ्या घालत होती. रामेश्वर म्हणाला, "आक्का, घाबरलाव का?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. लेक काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं. "तुला पायजे ते म्हण," एवढं सकाळी सांगावं म्हणून ती दोनदा लेकीजवळ गेली आणि दोन्ही वेळा केसाला तेल लाव म्हणून परत आली.

हलगी वाजली. शिवकन्या पुढं, माईकशी. मागं डाव्या अंगाला रामेश्वर आणि बायनाबाई. पोरीनं गाणं धरलं आणि पहिल्याच ओळीला मांडव गप झाला. धुकं पडलं फडावर. दुसरी ओळ तिनं हलकेच म्हटली, कुठं लागू नये अशी, आणि तिसरीवर गेली. बायनाबाईनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं, की बोट पांढरं पडलं.

"मागं मागं ऱ्हायला बाई," शिवकन्यानं आवाज उचलला, "माझा अर्धा कोयता."

नीट म्हटलं. शाहिरांनी म्हटलं होतं त्याच जागी, तेवढाच दम ठेवून. पोरीनं आईसाठी ते म्हटलं होतं, स्वतःला बाजूला सारून, आणि बायनाबाईला ते त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं जे मागितलं ते कानावर पडलं, आणि ते तिला सोसलं नाही.

झिलीची वेळ झाली. रामेश्वरनं तोंड उघडलं, "माझा अर्धा कोयता." त्याच्या शेजारून, त्याच चालीत, त्याच्याहून मोठ्या आवाजात बायनाबाई म्हणाली, "माझा अख्खा कोयता."

मांडवात कुठंतरी खसखस पिकली. "म्हातारी डीजेचं म्हणायली की बे," पाठीमागून एक जण म्हणाला. रामेश्वरनं कोपरानं ढोसलं आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "अर्धा, आक्का, अर्धा."

"मला ठाव हाय," बायनाबाई म्हणाली.

शिवकन्यानं मागं वळून बघितलं नाही. हलगीवाला ठेका धरून होता, ती पुढचं कडवं म्हणू लागली. पण मान थोडी तिरपी झाली होती. कडवं फिरून परत त्याच ओळीवर आलं. शिवकन्या "मागं मागं ऱ्हायला बाई" इथवर आली आणि थांबली. दम संपला म्हणून नव्हे. ती तो शब्द म्हणालीच नाही, जागा मोकळी सोडली. रामेश्वर गोंधळून गप राहिला. ती मोकळी जागा बायनाबाईनं एकटीनं भरली. "माझा अख्खा कोयता." आवाज फाटला, सूरही थोडा खाली गेला, पण माईक जवळ होता, मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. या वेळी कुणी हसलं नाही. का हसावंसं वाटत नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग शिवकन्या वळली. गाणाऱ्यानं लोकांकडं पाठ करू नये असा दंडक आहे, आणि तो ती आपल्या विद्यार्थ्यांना रोज शिकवते. ती आईकडं तोंड करून उभी राहिली आणि शेवटची ओळ दोघींनी मिळून म्हटली. हलगीवाल्याला शेवट कुठं करावा ते समजेना, म्हणून तो वाजवतच राहिला.

खाली उतरल्यावर रामेश्वर पाण्याचा पेला घेऊन आला. तो रागावलेला नव्हता, पण कोड्यात पडला होता. "आक्का, इतकी वर्षं तुमी अर्धा अर्धा म्हणून लोकांचा जीव खाल्ला. मला वचन द्यायला लावलं. अन् आज तुमीच शाहीरबाबाचा शब्द मोडला. असं कावून केलं?"

बायनाबाई पाणी पिऊ लागली. शिवकन्या तिच्या शेजारी उभी होती, आणि आईनं तिचं मनगट धरलं होतं ते अजून सोडलं नव्हतं. पेला रिकामा झाला, बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आमी दोघी व्हतो तिथं," ती म्हणाली.